साडूंची चोचवलेली काकडी

पिंपरीपासून तळेगावापर्यंत काकडीचा मान आमच्या साडूंइतका कोणी राखला नसेल. हे मी वाढवून सांगत नाही. कारखान्याच्या भांडारात माल मोजण्यात माझी उमेदीची वर्षे गेली, वाढवून सांगण्याची सवयच नाही. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, अक्कांचे, यजमान. पन्नासच्या दशकात पिंपरीच्या माळावर नवा कारखाना उभा राहिला, तेव्हा आम्ही दोघेही तिथे लागलो आणि शेजारशेजारच्या खोल्यांत राहू लागलो. रविवारची कोशिंबीर साडू स्वतः करायचे. अक्कांनी लुडबूड करायची नाही, हा करार होता. काकडी डाव्या हातात धरून सुरीने तिला बारीक उभे घाव घालायचे आणि मग वरून तासत तुकडे पाडायचे, याला ते चोचवणे म्हणत आणि ते पूजेसारखे करत. मुळा, कोबी, गाजर यांना त्या पातेल्यात पाहुण्यांएवढीच जागा. काकडी पवनाकाठच्या मळ्यातली लागे, आणि घेण्याआधी ते ती कानाशी मोडून पाहत. माळीणबाई एकदा वैतागली, "अवो दादा, काकडी हाय ती, घड्याळ न्हाई!"

मिठाबद्दल तर विचारू नका. "मीठ लागलं की काकडी रडते, साडूभाऊ," असे सांगून ते पंगत बसेपर्यंत मिठाला हात लावत नसत. आमच्या सत्यनारायणाला कारखान्याचे साहेब जेवायला यायचे होते. बाहेर मोटारीचा आवाज आला, साडूंनी लगेच मीठ घातले, आणि निघाला विटांचा ट्रक. साहेब येईपर्यंत काकडी पाण्यात पोहत होती. ते पातेले गवळ्याच्या म्हशीपुढे गेले आणि साडू नव्याने काकड्या घेऊन बसले. पानावर ताटकळलेल्या साहेबांना म्हणाले, "पाच मिनिटं, साहेब. उशीर आपल्याला झाला, काकडीला नाही." मी लगबगीने साहेबांना वारा घालू लागलो. साहेबांनी मात्र कोशिंबीर दोनदा मागून घेतली.

अशा माणसाचे दात हलू लागले. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितले, सगळे काढावे लागतील. साडूंचा चेहरा उतरला. "डॉक्टर, काकडीचा हंगाम तेवढा जाऊ द्या."

"आणि मग?"

"मग मुळ्याचा लागतो."

दात निघाले. नंतरच्या रविवारी आम्ही त्यांच्याकडे जेवायला गेलो, तर साडू भिंतीकडे तोंड करून बसलेले. "करून काय उपयोग? चावू कशानं?" मऊ भातसुद्धा त्यांनी परत पाठवला. आठवडाभर असेच चालले होते, हे अक्कांच्या डोळ्यांवरून कळत होते. त्यांनी खोबऱ्याची किसणी काढली आणि काकडी किसायला बसल्या. माझ्या बायकोने माझा हात दाबला. किसलेल्या काकडीला साडू कोशिंबीर मानत नसत. ते तिला लगदा म्हणत.

अक्कांनी वाटी पुढे धरली.

"अगं, हा खून आहे काकडीचा."

"असू दे. शिक्षा मी भोगीन. तुम्ही खा."

साडूंनी एक घास घेतला. हिरड्यांवर फिरवत बराच वेळ तोंडात ठेवला. मग दुसरा घेतला. आम्ही उगाचच आपापल्या पानांत बघत राहिलो. वाटी संपली.

"कशी झालीय?" अक्कांनी विचारले.

साडूंनी मान वर केली नाही. "किसलेली आहे," एवढेच म्हणाले, आणि वाटी पुन्हा पुढे केली.