वळणावरचं कुसुंब

खेमसिंगनं अठ्ठावीस वर्षं एसटी चालवली, त्यातली बहुतेक उमरखेड-घाटंजी मार्गावर, आणि एवढ्या काळात त्याच्या गाडीखाली कोंबडीसुद्धा आली नाही. लोक म्हणतात नशीब. नशीब कसलं? माणूस रस्त्यावरून नजर हटवायचा नाही, एवढंच.

याच गुणापायी त्याचं एक पाहायचं राहून गेलं होतं. घाटंजीच्या अलीकडे सागाचं रान लागतं. होळीच्या सुमाराला साग पानं गाळून उघडाबोडका होतो, आणि तिथल्या एका अवघड वळणावर कुसुंबाचं झाड तांबड्या कोवळ्या पालवीनं भरून जातं. आठ-दहा दिवसांत ती हिरवी होते. दरवर्षी त्या वळणावर अख्खी गाडी खिडक्यांकडे झुकायची, आणि खेमसिंग मात्र समोर पाहत हॉर्न द्यायचा.

निवृत्त झाल्यावर यंदा त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. नंतर सायकल विसरा, असं डॉक्टरांनी बजावलं. म्हणून होळी झाल्याबरोबर ते झाड पाहायला त्यानं उमरखेडहून सायकल काढली.

"बसनं काहून नाही जात?" त्याच्या बायकोनं, सुखीबाईनं विचारलं.

"तिथं थांबा नाही. मी कधी कोणासाठी थांबवली नाही, आता दुसऱ्याले कोणत्या तोंडानं थांबव म्हणू?"

सुखीबाईनं हात टेकले आणि भाकरी बांधून दिली.

पहिला मुक्काम महागावला, दुसरा आर्णीला, दोन्ही जुन्या कंडक्टरांकडे. गडी सायकलवरही ड्रायव्हरच. प्रत्येक थांब्यावर पाय टेकणार, उभ्या असलेल्यांना गाडीची वेळ सांगणार, मगच पुढे. गुडघा टम्म सुजला. संध्याकाळी तो मिठाच्या गरम पाण्यानं शेकायचा आणि सकाळी पुन्हा पायडल.

तिसऱ्या दिवशी वळण आलं. खेमसिंगनं वेग कमी केला, डावी बाजू धरली, घंटी वाजवली आणि समोर पाहत झकास वळण घेतलं. उतार संपून पुढचा थांबा आला, पाय टेकला, तेव्हा कुठे ध्यानात आलं की झाड मागेच राहिलं. ज्याच्यासाठी तीन दिवस गुडघा झिजवला, त्याच्याकडे पाहिलंच नव्हतं. तो स्वतःशीच हसला. मग मागे वळून चढाकडे पाहिलं तेव्हा हसू मावळलं. दोन किलोमीटर होता. सायकल हातात धरून तो लंगडत वर चढायला लागला. या माणसाचं कौतुक करावं ते इथं.

झाड होतं, आणि अजून तांबडंच होतं. उन्हात पानं आरपार दिसत होती, खाली सागाची वाळकी पानं वाऱ्यानं सरकत होती. खेमसिंगनं टोपी काढली आणि मान दुखेस्तोवर वर पाहत राहिला. डोळ्यांतून पाणी आलं, ते त्यानं पुसलं नाही.

तेवढ्यात घाटंजीहून गाडी चढून आली. चालक शाम होता, नवा असताना याच मार्गावर खेमसिंगशेजारी बसून शिकलेला. झाडाखाली आपला उस्ताद दिसताच त्याची मान वळायला लागली.

खेमसिंगनं हात उंचावला. "समोर पाह्य, शाम. झाड मी पाहून राह्यलो."