आवाज सारखा ठेवणारं खोकं

इरा आणि नील,

आजीने सोनारीत एका म्हाताऱ्या कर्नलला भर सभेत फसवलं, हे तुमच्या आईच्या कानावर गेलं आहे. तुम्ही ते अर्धवट ऐकण्याआधी मीच लिहिते. फसवलं हे खरं आहे. मला त्याचं वाईट वाटत नाही.

तेव्हा मी फौजेच्या सिग्नल्समध्ये, म्हणजे संदेशवहन विभागात, कॅप्टन होते. पोस्टिंग उत्तरेत, बर्फात. सिग्नल सेंटरच्या टेबलावर तळहाताएवढा एक स्पीकर होता. बाहेर गेलेल्या सगळ्या तुकड्यांचं बोलणं त्याच्यावर यायचं. सकाळी वायरलेस सेट तपासायचे, बॅटऱ्या बदलायच्या, मग दिवसभर ऐकत बसायचं.

आमचे एक मेजर होते. नाव लिहीत नाही. ते माइक तोंडाशी धरून ओरडत. एवढासा स्पीकर फाटायचा, ऑपरेटर आवाज कमी करायचा. मग दम लागलेला एखादा जवान हळू बोलला की ऐकू यायचं नाही. मी एक खोकं बनवलं. छोट्या स्पीकरला न झेपणारा खर्ज ते आधी गाळायचं, मोठा आवाज दाबायचं, बारीक आवाज उचलायचं. सगळे एका पातळीवर यायचे. चाचणीत ते नीट चाललं.

"कॅप्टन, ही फौज आहे, रेडिओ दुरुस्तीचं दुकान नाही," मेजर म्हणाले. "जवानाला खणखणीत बोलता आलं पाहिजे. काढा ते."

ऑर्डर होती. काढलं.

नाईक दगडू आपल्या परंडा तालुक्यातला, सोनारीचा. माझं माहेर परंड्याचं, म्हणून माझ्याशी मराठीत बोलायचा. "म्याडम, आपलं ऊनच बरं. निदान कुणीकडून मारतंय ते दिसतंय तरी." आवाज मुळातच हळू.

त्या दुपारी तो जवानांना घेऊन तुटलेली केबल जोडायला गेला. इकडे मेजर नेटवर, म्हणजे सगळ्यांच्या सामाईक वायरलेसवर, कुणावर तरी भडकले. ऑपरेटरने स्पीकर कमी केला. मेजर थांबले, पण आवाज कमीच राहिला. पुढे आमच्या स्पीकरवर नुसती खरखर आली. वरच्या चौकीतल्या ऑपरेटरच्या कानाला हेडफोन होता. त्याला दगडूचे शब्द ऐकू आले, 'चार्ली' म्हणजे आमचं सेंटर : "चार्ली, ऊपर बर्फ चटक रही है. जगह छोड़ूँ? ओव्हर."

ऑर्डर द्यायचा अधिकार चौकीला नव्हता. त्यांनी फील्ड टेलिफोनवरून आम्हाला कळवलं. मी सेट हातात घेतला.

"दगडू, जगह छोड़ो. फौरन. ओव्हर."

उत्तर नाही.

जवानांना त्याने आधीच मागे पाठवलं होतं. ते सगळे परत आले. तो सेट घेऊन ऑर्डरची वाट पाहत थांबला होता, आणि बर्फ त्याच्यावर कोसळला.

दगडूने संदेश दिलाच नाही, असं मेजरांनी वर कळवलं. चौकीचं म्हणणं कुणी विचारलं नाही. मी हरकत घेतली, ती बाजूला ठेवली गेली. त्याच्या आईला, पारूमावशीला, सांगण्यात आलं की मुलाने वेळेवर कळवलं असतं तर वाचला असता.

निवृत्त झाल्यावर मी सोनारीला गेले आणि तिला खरं काय ते सांगितलं. तिने ऐकून घेतलं.

"तुमचं मला पटतंय, म्याडम. पर त्या मेजरच्या तोंडून ऐकायचंय."

तेव्हापासून मी त्या माणसाची वाट पाहत होते. तो कर्नल झाला, निवृत्त झाला, शौर्यावर भाषणं देत हिंडू लागला. गेल्या महिन्यात सोनारीच्या शाळेत दगडूच्या नावाची पाटी बसवायची ठरली. पाहुणे म्हणून त्यांना बोलवा, असं मीच सरपंचांना सुचवलं. पटांगणाच्या चार कोपऱ्यांत स्वस्तातले छोटे स्पीकर लावले. माइक आणि त्यांच्या मधे माझं खोकं.

कर्नल बोलायला उठले आणि सवयीप्रमाणे ओरडू लागले. स्पीकरमधून शांत आवाज आला. त्यांनी आणखी चढवला. तसाच.

सरपंच माझ्याकडे आले. "म्याडम, आवाज वाढवा की. पाहुणे लई जोर लावायलेत."

"लावू द्या."

भाषण संपलं. मी पारूमावशीपुढे माइक ठेवला. कर्नल शेजारच्याच खुर्चीत होते. तिने इतकं हळू विचारलं, की एरवी पहिल्या रांगेलाही कळलं नसतं.

"सायेब, माजं लेकरू तवा बोललं व्हतं का न्हाय?"

कर्नलच्या भाषणाइतक्याच आवाजात ते पटांगणभर गेलं.

ते तिच्याकडे झुकले. फक्त तिला ऐकू जावं म्हणून पुटपुटले. माइक दोघांच्या मधे होता.

"बोलला होता, बाई. आमच्याकडे ऐकलं गेलं नाही. आता इथे नको."

खोक्याने तेही उचललं. 'आता इथे नको' सुद्धा चारही कोपऱ्यांतून आलं.

"बास," पारूमावशी म्हणाली आणि तिने माइक बाजूला सारला.

जाताना कर्नल माझ्यापाशी थांबले. "हे तुम्ही मुद्दाम केलंत."

"हो सर. खोकं काढू का?"

ते गाडीत जाऊन बसले.

नाईक दगडू, सोनारी. त्याने वेळेवर कळवलं होतं. पाटी शाळेच्या भिंतीवर आहे. पारूमावशी आहे. खोकं शाळेच्या कपाटात आहे, आणि चालतं.