परीक्षेच्या दारात काढलेल्या चपला

दाराशी तिच्या चपला दिसल्या की पुण्यातली परीक्षा आठवते. पास झाली तरच माझ्या बायकोला नर्सचं लायसन मिळणार व्हतं. भलंमोठं कॉलेज, भिंतीवर नंबरांचे कागद, लई गर्दी. हॉलच्या दारात तिनं देवळात शिरावं तशा चपला काढल्या अन् आत गेली. बाकी कुणीच काढल्या नव्हत्या. शिपाई हसला, "पावणं, आत आरती हाय का? उचला त्या, अन् फाटकाबाहेर थांबा." मी उन्हात चपला मांडीवर घेऊन बसलो. पेपर सुटल्यावर ती अनवाणी पळत आली. मी विचारलं, "जमलं का?" "समदं लिव्हलं. आधी चपला द्या, पाय भाजत्यात." लायसन मिळालं, पार डोंगरातल्या घाटघरपर्यंतच्या वाड्या ती औषधं घेऊन पायी हिंडली. आता तिला जाऊन वर्ष झालं. सून विचारती, "टाकू का चपला?" मी त्या उचलून मांडीवर घेतो.