पुरानंतरची पहिली घागर

पूर ओसरला की आमच्या गावात पहिली घागर घाटावरच्या वीरगळावर ओततात, घरं मागाहून धुतात. गावासाठी लढताना पडलेल्या कुणा वीराचा तो दगड. त्याचं नाव कुणालाच ठाऊक नाही. यंदा तो दिसेचना. वाहून गेला की काय, या धास्तीने आई हातांनी गाळ उपसत होती.

"काकी, तुझी भिंत पडलीया, ती बघ आधी," शेजारचा संपत म्हणाला.

"भिंत बांधता येतीया. ह्यो गेला तर कुठनं आणू?"

गाळातून तलवार धरलेला दगडी हात वर आला.

"हाय बाबा जाग्यावर!" आई हसली आणि तिने घागर माझ्याकडे दिली. "शिकलीस न्हवं? यंदा तूच घाल आंघोळ."

घराण्यातली पहिली पदवी मी घेतली, तेव्हाही मान इतकी ताठ झाली नव्हती.