वहीतली कोरी जागा

लेकीने आणून दिलेल्या पुस्तकात लिहिलं होतं की, रोज आपल्या हातून झालेलं चांगलं काम वहीत लिहावं, म्हणजे आत्मविश्वास वाढतो. जन्मभर लोकांचे कपडे शिवणाऱ्या आईने इमानेइतबारे लिहायला घेतलं. ‘कॉलर झकास बसली: देवाची कृपा. डावी बाही उजवीकडे लागली: मी.’

वही वाचून लेक वैतागली. “अगं, चांगलं ते स्वतःच्या नावावर लिहायचं असतं.”

“चाळीस वर्षं त्याला हात जोडून मशीनवर बसतेय. आता पुस्तक सांगतंय म्हणून त्याला डावलू होय?”

लेकीने पान उलटलं. तिथे ‘मुलगी गुणी निघाली’ एवढंच होतं. पुढची जागा कोरी.

“आणि हे कोणामुळे?”

आई सुईत दोरा ओवत म्हणाली, “त्यावर देवाचं नि माझं अजून एकमत व्हायचंय.”