चौथ्या महिन्याचं वजन

दगडखाणीच्या फाटकाशी जो वजनकाटा आहे, त्याच्या केबिनमध्ये तो बावीस वर्षं बसतोय. ट्रक आला की आधी रिकामा तोलायचा, मग भरलेला, आणि वजाबाकी करून चिठ्ठी फाडायची. दुसऱ्याच्या मालात कधी फरक पडू दिला नाही. त्याचं स्वतःचं वजन मात्र एकशे बासष्ट. ड्रायव्हर त्याला टनदादा म्हणत, आणि तोही हसून ओ देई. न हसून सांगतो कुणाला?

ढब्बू म्हणण्याचा हक्क फक्त थोरल्या ताईचा. आई लवकर गेली, तेव्हापासून त्याला लहानाचा मोठा तिनंच केला. तिच्या घरच्या खुर्च्या त्याला पेलत नसत, म्हणून तिनं सुताराकडून जाड पायांचा एक बाक करून भिंतीशी ठेवला होता. वर म्हणायची, "बस, हा मोडला तर तुलाच घरात घेणार नाही."

त्या ताईच्या दोन्ही किडन्या गेल्या. आठवड्यातून तीनदा मशीनवर रक्त साफ करून घ्यायचं, असं जगणं सुरू झालं. भाऊजींना मधुमेह, त्यांची किडनी चालेना. मूलबाळ नव्हतं. जुळली ती भावाची. पण डॉक्टरांनी त्याला बाजूला घेऊन सांगितलं की एवढ्या वजनाच्या माणसाला एका किडनीवर सोडायला ते धजणार नाहीत. पोट लहान करायची शस्त्रक्रिया करून घ्या, वर्षभरात शंभराच्या आत या, मग बोलू.

शस्त्रक्रियेचा खर्च त्याच्या आवाक्याबाहेरचा होता. खाणीच्या नोकरीमुळे विमा होता, पण विम्याच्या मंजुरीपाशीच घोडं पेंड खात होतं. अर्जात कारण लिहायची जागा होती. त्यानं सरळ लिहिलं, बहिणीला किडनी द्यायची आहे. विम्याच्या कारकुनानं ते खोडायला लावलं. "विमा तुमचा आहे, बहिणीचा नाही. गुडघे दुखतात असं लिहा." गुडघे दुखतच होते, त्यानं लिहिलं. शिवाय अट अशी की सलग सहा महिने पथ्य पाळायचं, आणि दर महिन्याला आहारतज्ज्ञ बाईंकडे वजन करून शिक्का घ्यायचा. एक महिना चुकला की पहिले पाढे पंचावन्न.

ताईनं एका कागदावर सहा चौकटी आखल्या आणि तो फ्रिजवर चिकटवला. दर महिन्याला त्याला फोनवर विचारून आकडा भरायची. पहिल्या तीन चौकटी झकास भरल्या. एकशे बासष्टचा एकशे चोपन्न झाला तेव्हा म्हणाली, "बघ, कुणीतरी तुझ्यातून अख्खी सिमेंटची गोणी काढून नेणार लवकरच."

चौथ्या महिन्याच्या सुरुवातीला खाणीतल्या जोडीदाराच्या लेकीचं लग्न झालं, आणि याचा हात तीन दिवस आखडला नाही. दोन किलो वाढले. आहारतज्ज्ञ बाईंना तोंड दाखवायची त्याला लाज वाटली. दोन किलो उतरवू, मग जाऊ, असं म्हणत आज-उद्या करता करता महिन्याचा शेवटचा दिवस उजाडला. त्या दिवशी तो निघाला, तेवढ्यात भाऊजींचा फोन आला. ताई मशीनवरच बेशुद्ध पडली होती. तो तसाच तिकडे धावला आणि संध्याकाळपर्यंत तिच्या पलंगाशी बसून राहिला.

परत येताना त्याला अक्कल सुचली ती त्याच्यासारख्यालाच सुचावी. तो स्वतः खाणीच्या काट्यावर चढला आणि जोडीदाराला चिठ्ठी छापायला लावली. तो काटा वीस-वीस किलोनं पुढं सरकतो, त्यामुळे वजन आलं एकशे साठ. गाडी क्रमांकाच्या जागी त्याचं नाव, मालाच्या जागी काहीच नाही. ती चिठ्ठी त्यानं दुसऱ्या दिवशी कारकुनापुढे ठेवली, तारीख दाखवली. कारकुनाला हसू आवरेना, मग त्याचा चेहरा पाहून ओशाळला. माणूस वाईट नव्हता. पण सहा महिने पुन्हा पहिल्यापासून.

शुद्धीवर आलेल्या ताईला हे कळलं तेव्हा ती म्हणाली, "माझ्यामुळे तुझा महिना बुडाला रे."

त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं, की अगं, अठ्ठावीस दिवस मोकळे होते, मीच गेलो नाही. पण तिथंही लाज आडवी आली. "असू दे गं," एवढंच म्हणून तो मूग गिळून बसला.

त्याच कागदावर खाली नव्या सहा चौकटी आखल्या गेल्या, आणि ताईनं प्रत्येकीत तारीख घालून ठेवली. या खेपेला त्यानं एकही तारीख चुकवली नाही, महिना लागला की दुसऱ्या दिवशी दारात हजर. पाच चौकटी भरल्या, आणि पाचव्या चौकटीनंतर दहा दिवसांनी ताई गेली.

सहाव्या महिन्याचं वजन करायला तो का गेला, हे त्याचं त्याला ठाऊक नाही. कागदावर तारीख तिच्या हातची होती, म्हणून गेला असेल. नऊ किलो उतरले होते. अन्नच जात नव्हतं. आहारतज्ज्ञ बाई खूश झाल्या, म्हणाल्या, असंच चालू ठेवा.

महिनाभरानं मंजुरी आली. वरातीमागून घोडं, तेही दिमाखात, शिक्क्यासह. गुडघ्यांच्या त्रासासाठी शस्त्रक्रिया मंजूर, मुदत नव्वद दिवस. कारकुनानं मुद्दाम फोन करून अभिनंदन केलं. त्यानं आभार मानले, आणि पत्र घेऊन ताईच्या घरी गेला.

भाऊजींनी पत्र दोनदा वाचलं आणि तारीख कधीची घेणार म्हणून विचारलं. करून घे, म्हणाले, निदान तू तरी धड राहा. त्याचं लक्ष फ्रिजकडे होतं. तो कागद अजून तसाच होता. पहिल्या ओळीत चौथ्या चौकटीत आकडा नव्हता. तिथं ताईच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'माझ्यामुळे राहिलं.'

"भाऊजी, ते तिच्यामुळे नव्हतं," तो म्हणाला. आणि मग सगळं सांगून टाकलं, लग्न, दोन किलो, अठ्ठावीस दिवस.

भाऊजी पत्राची घडी करत राहिले.

"तिला सांगायचं होतंस रे," शेवटी म्हणाले. "हसली असती ती."

तो भिंतीशी ठेवलेल्या बाकावर बसला आणि ताई गेल्यापासून पहिल्यांदाच मोठ्यानं रडला. बाकाला काही झालं नाही.