दात सरळ झाले आणि बाबा हिंदीत बोलू लागले

आधीच सांगते, भुताखेतांच्या गप्पा रंगल्या की कपबशा विसळायला उठून जाणारी बाई आहे मी. अंगात येणं, उतारे, नजर... सगळं थोतांड म्हणत आले. या ग्रुपमध्ये मैत्रिणीने घातलं म्हणून आहे, नुसती वाचते आणि हसते. आज लिहितेय कारण दुसऱ्या कुणाला विचारावं ते सुचत नाही, आणि सोमवारच्या आत मला काहीतरी हवंय. भाषा आमची ग्वाल्हेरची, हिंदी मिसळलेली, चालवून घ्या.

आम्ही शिंदे की छावनीत राहतो. दुसरा मजला — मी, नवरा आणि माझे बाबा. बाबा एक्याऐंशीचे. विसरण्याचा आजार होऊन चार वर्षं झाली. आधी रस्ते विसरले, मग आई गेलेली विसरले, मग जावयाला भाडेकरू समजायला लागले. मी मात्र शाबूत होते. 'बेबी' म्हणजे मीच. जेवायचे तेही फक्त माझ्या हातून. नवऱ्याने घास पुढे केला की तोंड घट्ट मिटून बसायचे.

आता दातांचं. माझा वरचा डावा सुळा लहानपणापासून शेजारच्या दातावर चढलेला. एकोणपन्नास वर्षं फोटोत तोंडावर हात! लहानपणी बाबा नई सडकेवरून बर्फी आणायचे. मी चावा घेतला की वडीला एका बाजूला खोल खाच पडायची. बाबा ती वडी उजेडात धरून म्हणायचे, "घरात उंदीर झालेत वाटतं!" सगळे हसायचे, मीही हसायची. पण लागायचं हो मनाला.

मागच्या वर्षी हिंमत केली. हरिशंकरपुरममधल्या एका डेंटिस्टकडून ते पारदर्शक अलाइनर करून घेतले. तारांची भानगड नाही. प्लास्टिकचा पातळ ट्रे दातांवर बसवायचा, खाताना काढायचा, बाकी दिवसरात्र घालून राहायचं. दर दहा दिवसांनी पुढच्या नंबरचा ट्रे, असे बावीस. ठणकायचं, पण एक दिवस चुकवला नाही. कशाला खोटं बोलू, आरशात बघून मी खूश व्हायची. पहिल्यांदा काहीतरी फक्त स्वतःसाठी केलं होतं.

एकोणिसावा ट्रे चालू होता. सकाळी बाबांना चहा दिला आणि हसले. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. म्हणाले, "आप नई आई हैं? ज़रा हमारी बेबी को बुला दीजिए."

आमच्याकडे घरात मराठी आणि परक्याशी हिंदी. बाबांचा तर नियमच. उभ्या जन्मात ते माझ्याशी हिंदीचा एक शब्द बोलले नव्हते.

त्या दिवसापासून जेवण बंद, जेमतेम घोटभर चहा-दूध. "बेबी के हाथ से खाएँगे," म्हणायचे, आणि बेबी समोर ताट घेऊन उभी! मी ओरडून सांगायची, "अहो बाबा, मीच बेबी!" तर कौतुकाने म्हणायचे, "आप मराठी बहुत अच्छी बोल लेती हैं."

तीन आठवड्यांत बरगड्या मोजता येतील असे झाले. डॉक्टर म्हणाले, आजार पुढे सरकलाय, दातांचा काही संबंध नाही, नाकातून नळी घालावी लागेल. ती ओढू नये म्हणून हात बांधून ठेवायचे. बाबांचे हात बांधायचे!

मी धावत डेंटिस्टकडे गेले. म्हटलं, माझा दात परत वाकडा करा. तो म्हणाला, "मॅडम, लोग तो इसका उल्टा माँगते हैं." मागे फिरवायलाही सहा-सात महिने लागतील म्हणाला. घरी आले, डब्यातून एक नंबरचा जुना ट्रे काढला आणि दोन्ही अंगठ्यांनी रेटला. हिरडीतून रक्त आलं, ट्रे तडकला, दात जागचा हलला नाही. बाथरूममध्ये बसून ढसाढसा रडले.

आता तो दिवस. शनिवार, दुपारचे चार, खोलीभर ऊन. नळी सोमवारी ठरलेली. मी शेवटचा उपाय म्हणून बर्फी आणली होती. बाबांनी संशयाने पाहिलं — "पहले आप खाइए." माझं डोकंच फिरलं. "मग मरा एकदाचे उपाशी!" असं बोलले मी, जन्मदात्या बापाला. तिरमिरीत ट्रे काढला, एका वडीचा चावा घेतला, दुसरीचाही घेतला, आणि दोन्ही बशीत आपटल्या.

बाबांनी एक वडी उचलली. खिडकीकडे धरली. आणि त्यांचा चेहरा... काय सांगू तुम्हाला! "बेबी," म्हणाले, "उंदीर झालेत गं घरात."

वडीला खाच होती. खोल, तिरपी, जिथे पडायची तिथेच. मी जीभ फिरवली, दात सरळ. आरशाकडे पळाले, सरळ. ट्रे लावून बघितला, टक् करून बसला. इकडे बाबांनी वडी संपवली, वरणभात मागितला, वाटीभर खाल्ला, वर "मीठ कमी आहे" म्हणून कुरकुर केली. सगळं मराठीत. मग माझा हात धरून विचारलं, "इतके दिवस कुठे होतीस?"

दुसरी वडी मी फ्रिजमध्ये ठेवली होती. सोमवारी डेंटिस्टकडे नेली. उपचाराआधीचं माझ्या दातांचं मॉडेल त्याच्याकडे होतं. त्याने ते खाचेला लावलं, चपखल बसलं. मग माझं तोंड तपासलं. "ये आपने कब खाई?" म्हटलं, परसों. बराच वेळ हात धूत राहिला. मग म्हणाला, "किसी और ने खाई होगी." अहो, पण घरात तसा दात दुसऱ्या कुणालाच नाही!

नळी रद्द झाली. नऊ दिवस बाबा माझ्याशी मराठीत बोलले, नऊ दिवस पोटभर जेवले. दहाव्या सकाळी पुन्हा — "आप कौन?"

तेव्हापासून रोज चारला तीच बर्फी, तोच गाऊन, तीच खुर्ची. रोज चावा घेते आणि रोज तो सरळ, नीटनेटका उमटतो. बाबा बशी बाजूला सारतात. नवस बोलले, मी! ते 'मरा उपाशी'सुद्धा पुन्हा बोलून पाहिलं, सांगायला लाज वाटते. त्या दुपारी मी वेगळं काय केलं होतं ते कळत नाही. स्पष्टीकरण सापडलेलं नाही, आणि खरं सांगू, ते मला नकोच आहे. तुमच्यापैकी कुणाच्या बाबतीत असं काही एकदा होऊन पुन्हा झालं असेल, तर एवढंच सांगा, पुन्हा कसं झालं. या सोमवारी नळी घालणार आहेत.

त्यांच्या पलंगाशी बसूनच लिहितेय. मघाशी त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाले, "रोइए मत, बहनजी. हमारी बेबी आती ही होगी. आपको भी खिला देगी."